हाताला लागलेली गाठ

प्रिय टिटवी,

या नावानं तुला हाक मारून सात महिने झाले. हल्ली फोनवर मी तुला तुझ्या शाळेच्या दाखल्यावरच्या नावानं बोलावते, आणि तूही 'हो मावशी, ठीक मावशी' म्हणत दोन मिनिटांत फोन ठेवतेस. तुझ्या आईनं तुला पहिल्यांदा माझ्या हातात दिलं तेव्हा तू अशी काही किंचाळलीस की शेजारच्या खोलीतल्या बाळंतिणी उठून बसल्या होत्या. मी म्हटलं होतं, ताई, ही मुलगी नाही, टिटवी आहे. नाव चिकटलं ते चिकटलंच. आज तेच लिहितेय, कारण दाखल्यावरच्या नावाला हे पत्र लिहिणं मला जमणार नाही.

आधी दवाखान्याची खबरबात. तू जिच्या पाठीला मलम लावत होतीस त्या कासविणीचं कवच भरून आलंय, पार गुळगुळीत. तिच्या घरच्यांनी फोटो पाठवलाय, पण फोटोत कासवीण कमी आणि त्यांचा नवा सोफाच जास्त दिसतोय. बँकेतल्या बाईंचा तो लठ्ठ बोका आठवतो ना, मॅनेजर? बाई शपथेवर सांगायच्या, 'कणभरसुद्धा जास्त देत नाही हो.' आपण दोघींनी त्याच्यासाठी आहाराचा केवढा तक्ता केला होता! शेवटी परवा उलगडा झाला. मॅनेजर त्यांच्या इमारतीत चार घरांत चार नावांनी जेवत होता. तिसऱ्या मजल्यावर त्याचं नाव बिचारा आहे. मी एवढी हसले, आणि हसता हसता सवयीनं मागे वळून बघितलं, तुला सांगायला. मागे कोणी नव्हतं.

मी मुद्द्यावर येत नाहीये, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ज्या कुत्र्याला सुया टोचायच्या असतात त्याच्याशी मी आधी दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलते, त्याचे कान चोळते, त्याच्या शेपटीची स्तुती करते. तू म्हणायचीस, मावशी, त्यालाही कळतं गं, टोच एकदाची. तर टोचते.

भुंग्याबद्दल लिहायचं आहे.

तू डॉक्टर होऊन माझ्या दवाखान्यात आलीस तेव्हा लोक मला सुईवाली डॉक्टरीण म्हणूनच ओळखत होते. त्याआधीची मी तुला फारशी माहीत नाही. पंधरा वर्षं मी चारचौघांसारखी जनावरांची डॉक्टर होते, इंजेक्शनं, टाके, लसी. मग एका बुटक्या लांबोड्या कुत्र्याचे मागचे पाय गेले, मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननं 'आता काही होणार नाही' म्हणून सांगितलं, आणि एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सहा आठवडे ॲक्युपंक्चरच्या सुया लावून आणि मालिश करून त्याला माझ्या डोळ्यांदेखत चालवलं. मी त्यांच्याकडे जाऊन शिकले. घरी वाळवलेल्या मुळांच्या आणि पाल्याच्या बरण्या आल्या, स्टीलच्या टेबलाजवळ जमिनीवर गाद्या आल्या. तो सर्जन मला सभांमध्ये 'या आमच्या सुईवाल्या बाई' म्हणून हसत ओळख करून द्यायचा. मी वरवर हसायचे. आतून ते कुठेतरी रुतून बसलं होतं, हे आता कळतंय. तुला मी पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? की आपण समग्र उपचार करतो म्हणजे एका हातात सुई धरतो आणि दुसऱ्या हातातला स्टेथोस्कोप सोडत नाही. रक्त तपासायचं, एक्स-रे काढायचा, गरज असेल तिथे सर्जनकडे पाठवायचं, आणि मग आपलं जे आहे ते जोडीला द्यायचं. तू ते वहीत लिहून घेतलंस. मी मात्र हळूहळू विसरत गेले.

चावीवाले काका भुंग्याला पहिल्यांदा घेऊन आले ते त्याच्या कंबरेसाठी. काळाभोर, छातीवर पिवळट ठिपका, आठ वर्षांचा, आणि जिने चढताना कण्हणारा. काकूंची नजर तेव्हाच बरीच गेली होती, कडेकडेचं थोडं दिसायचं. भुंगा काही शिकवून तयार केलेला कुत्रा नव्हता, पण तो काकूंच्या डाव्या पायाला खेटून चालायचा, फुटपाथ संपला की थांबायचा, आणि रोज सकाळी त्यांना बागेपर्यंत नेऊन परत आणायचा. काकू म्हणायच्या, 'यांनी मला कधी हात धरून नेलं नाही एवढं, हा नेतो.' काका तिथेच उभे असायचे, मान हलवत. त्या कंबरेला सुयांचा खरोखर गुण आला. ते खोटं नव्हतं. दोन महिन्यांत तो जिना एका दमात चढायला लागला. म्हणूनच पुढचं सगळं झालं. एकदा गुण आला की माणसाला वाटतं, आता या देहात आपल्याला न कळणारं काही उरलेलं नाही.

तो मंगळवार तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, तरी मी लिहिणार आहे. भुंगा जिन्यात कोसळला म्हणून काका त्याला उचलून घेऊन आले. तू त्याचा ओठ वर केलास आणि हिरड्या पांढऱ्या आहेत असं म्हणालीस. काका दाराशी उभे राहून फोनवर काकूंना धीर देत होते. मी कपाटातून सुया काढत होते. तू गुडघ्यांवर बसून त्याचं पोट चाचपलंस आणि हळू आवाजात मला म्हणालीस, 'मावशी, डावीकडे, बरगडीच्या मागे काहीतरी घट्ट लागतंय. प्लीहेला गाठ असेल. आतून रक्त जात असेल तर? आजच सोनोग्राफी करून घेऊ या.' मी खाली न बसताच म्हणाले, 'पोट भरलेलं आहे, तेच लागतंय तुझ्या हाताला.' तू म्हणालीस, 'तू एकदा हात लावून बघ ना.' मी हात लावला नाही, टिटवी. हे तुला माहीत आहे, पण माझ्या अक्षरात ते कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. मी म्हणाले, 'तू जरा बाहेर ते मांजर बघ.' तू दारापर्यंत गेलीस, परत वळलीस, 'निदान रक्त तरी,' म्हणालीस. तोपर्यंत काकांचा फोन संपला होता. त्यांच्यासमोर मी हसून म्हणाले, 'आजकाल भाच्या मावश्यांना शिकवतात बरं का.' काकाही हसले. तू मांजर बघायला गेलीस.

का केलं मी असं? सात महिने हेच विचारतेय स्वतःला. आमच्याकडे सोनोग्राफीचं यंत्र नाही. म्हणजे त्याला मोठ्या दवाखान्यात, त्याच सर्जनकडे पाठवावं लागलं असतं. माझा सगळ्यात नावाजलेला रोगी, ज्याची कंबर मी सरळ केली, तो त्याच्या टेबलावर. तो म्हणाला असता, 'काय हो, सुया संपल्या वाटतं?' एवढंच कारण होतं. याहून मोठं काही शोधून सापडत नाही, आणि हे एवढंसं आहे याचीच जास्त लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी भुंगा उठला. हिरड्या गुलाबी, शेपटी हलतेय, खातोय. मी तुझ्याकडे जी नजर टाकली ती तुला आठवत असेल. अशा गाठीतून थोडं रक्त जातं, थांबतं, शरीर ते परत शोषून घेतं आणि जनावर दोन-तीन दिवसांत आपोआप ताजंतवानं दिसतं, हे मीही शिकलेलीच आहे, तूही शिकलेली आहेस. त्या वेळी मला ते आठवायचंच नव्हतं. मी तुझ्या हातात फोन दिला आणि म्हणाले, काढ व्हिडिओ. पायऱ्या चढणाऱ्या भुंग्याचा तो व्हिडिओ तूच काढलास. त्यात माझा आवाज आहे, 'तीन दिवसांपूर्वी हा उभा राहत नव्हता.' व्हिडिओ संपल्यावर तू विचारलंस, 'मी एकदा परत पोट बघू का?' आणि मी म्हणाले, 'पुरे आता.' तुझा स्वभाव ओरडण्याचा आणि तू गप्प बसलीस, तिथेच मी थांबायला हवं होतं.

त्या मंगळवारानंतर एकोणीस दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, काका त्याला चादरीत गुंडाळून घेऊन आले. काकू त्यांच्या शर्टाला धरून मागे. तू पोटात सुई घातलीस आणि सिरिंज रक्तानं भरली. तू माझ्याकडे बघितलंस. मी सर्जनला फोन लावला, तो म्हणाला, ताबडतोब आणा, मी टेबल तयार ठेवतो. काय गंमत आहे बघ, एवढी भीती होती त्याची, आणि तो एका शब्दानंही टोचून बोलला नाही. पण भुंगा आपल्याच गादीवर गेला. काकू त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होत्या, आणि तो गेलाय हे त्यांना सांगावं लागलं, कारण त्यांना दिसलं नव्हतं. तू सांगितलंस. त्यांचा हात हातात घेऊन त्याच्या छातीवर ठेवलास आणि सांगितलंस. मी भिंतीशी उभी होते.

मग तू त्याला स्वच्छ करायला आतल्या खोलीत नेलंस. काका रिकाम्या गादीकडे बघत म्हणाले, 'डॉक्टर, ही गाठ आधी कळली नसती का हो?' साधा प्रश्न होता. त्यात राग नव्हता. आणि मी म्हणाले, 'त्या दिवशी पोट माझ्या भाचीनं तपासलं होतं. तिच्या हाताला नाही लागली. अजून शिकतेय ती.'

आतल्या नळाचं पाणी वाहत होतं. ते थांबलं. आपल्या त्या दोन खोल्यांमध्ये भिंत नाही, नुसता पडदा आहे. थोड्या वेळानं नळ पुन्हा सुरू झाला. म्हणजे तू ऐकलंस. मला त्याच क्षणी कळलं की तू ऐकलंस, आणि तू बाहेर येऊन 'हे खरं नाही' म्हणशील म्हणून मी वाट बघत होते. देवाशपथ सांगते, एका बाजूनं वाटत होतं की म्हण एकदाचं. तू बाहेर आलीस ती भुंग्याला पांढऱ्या चादरीत गुंडाळून. काकांनी त्याला तुझ्याकडून घेतलं, तुझ्या तोंडाकडे न बघता. तू म्हणालीस, 'काका, मला माफ करा.' आणि मी, तुझी मावशी, तुला दहाव्या वर्षी पहिल्यांदा मांजराच्या नाडीवर बोट ठेवायला शिकवणारी, दार उघडून धरायला पुढे झाले.

महिनाअखेर तू म्हणालीस, 'मावशी, मला नाही जमत हे.' मी तुला थांबवलं नाही. तुला वाटलं असेल, मावशीला सुटल्यासारखं झालं. तसंच झालं होतं. तुझ्या आईनं फोनवर रडून विचारलं, 'अगं, एवढं शिकून ही पोरगी जनावरांच्या खाण्याच्या कंपनीत फोन उचलायला का बसली?' तेव्हाही मी म्हणाले, 'ताई, तिचं मन नव्हतं गं यात. काहींचा हात बसत नाही.' हे दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी घाबरून पटकन बोलून गेले म्हणता येईल. दुसऱ्या वेळी मी खुर्चीत बसून, चहा पीत बोलले. ताई तुला सणसणीत बोलते हे मला माहीत होतं. तुझे बाबा जेवताना तुझ्याशी बोलत नाहीत हेही तिनंच सांगितलं होतं. तू मात्र त्यांना काही सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस गं? माझ्यावरच्या मायेनं, की मी खोटं बोलू शकते यावर आईचा विश्वास बसणार नाही म्हणून? की सारखं ऐकून ऐकून तुलाच वाटायला लागलं की खरंच तुझ्या हाताला लागलं नव्हतं? या तिसऱ्या शक्यतेनं मला सगळ्यात जास्त घाबरवलंय.

आणखी एक गोष्ट तुला माहीत नाही. त्या दिवशी काकांनी तो प्रश्न विचारायच्या आधी, तू त्याला स्वच्छ करत असताना मी आत आले होते आणि काकांच्या परवानगीनं गाठीचा तुकडा काढला होता, आठवतं? तू विचारलंस, अहवाल आला का. मी म्हणाले, नमुना खराब झाला. अहवाल आठव्या दिवशी आला होता. गाठ साधी होती. पसरणारी नव्हती. फुटायच्या आधी प्लीहा काढली असती तर भुंगा आणखी चार-पाच वर्षं काकूंना बागेत नेत राहिला असता. तू सांगितलंस त्या मंगळवारी त्याच्या हातात अजून एकोणीस दिवस होते.

यानंतर माझे हात बिघडले. बाहेरून काही दिसत नाही, सुया जागच्या जागी बसतात. पण पोटावर हात ठेवला की मला सगळीकडे गाठी लागतात, किंवा कुठेच काही लागत नाही. साध्या अपचनाच्या कुत्र्यालाही मी सोनोग्राफीला पाठवते. एक म्हातारे गृहस्थ चिडून म्हणाले, 'बाई, तुम्ही पूर्वी नुसता हात ठेवून सांगायचात, आता तुम्हाला झालंय काय?' मी म्हणाले, वय झालं. सुयांवरचा माझा विश्वास गेलेला नाही, हेही तुला सांगून ठेवते, नाहीतर तू समजशील की मी सगळंच मोडीत काढलं. अजूनही आखडलेल्या मानेला त्यांनी आराम पडतो, म्हाताऱ्या मांजरी गादीवर सुयांसकट घोरतात. भुंग्याला सुयांनी मारलं नाही. मी खाली बसून हात लावला नाही, त्यानं मारलं.

तरी मी गप्पच राहिले असते, इतकी मी निगरगट्ट झाले होते. पण चार दिवसांपूर्वी एक बाई दोन गावं ओलांडून लंगडणारी कुत्री घेऊन आल्या. तोच व्हिडिओ बघून. तो आपल्या दवाखान्याच्या इंटरनेटवरच्या पानावर तसाच होता, मी काढला नव्हता, लोक अजून बघत होते. त्या म्हणाल्या, 'डॉक्टर, भुंग्याला केलंत तसंच हिला करा.' मग कौतुकानं विचारलं, 'तो आता कसा आहे हो?' आणि माझ्या तोंडून आलं, 'मजेत आहे.' अगदी सहज आलं, विचार न करता. त्या बाई खूश झाल्या. मी त्यांच्या कुत्रीला तपासलं, औषध दिलं, पुढच्या आठवड्याची वेळ दिली. त्या गेल्यावर आतून कडी लावली आणि गादीवर बसले. मेलेल्या कुत्र्याला मी मजेत आहे म्हणाले होते, आणि माझा आवाजसुद्धा हलला नव्हता. त्याच दुपारी मी व्हिडिओ काढून टाकला, त्या बाईंना फोन करून खरं सांगितलं, आणि अहवाल पिशवीत घालून काकांच्या दुकानात गेले.

काका यंत्रावर किल्ली घासत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तुझ्या हाताला गाठ लागली होती, तू सोनोग्राफी करायला सांगितलं होतंस, मी तुला बाहेर पाठवलं, आणि नंतर त्यांच्यासमोर सगळं तुझ्यावर ढकललं. अहवाल पुढे ठेवला. काकांनी यंत्र बंद केलं. अहवाल दोनदा वाचला. दुकानात एक गिऱ्हाईक किल्लीसाठी थांबलेलं होतं, ते आमच्याकडे बघत होतं. काकांनी यंत्र पुन्हा सुरू केलं, ती किल्ली पूर्ण केली, कुलपात फिरवून बघितली आणि त्याच्या हातात दिली. मग शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाले, 'वर चला. हे तिला तुम्हीच सांगायचं.'

काकू खिडकीशी बसल्या होत्या. मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. त्या शांतपणे ऐकत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, 'थांबा. ती तर म्हणाली की तिचा हात चुकला.' मी विचारलं, कोण? 'तुमची भाची. दुसरं कोण? दर रविवारी येते ना.' मला काही समजेना. तेव्हा काकांनी सांगितलं. तू दुसऱ्याच रविवारी त्यांच्या दारात उभी राहिलीस. काकांनी दार लावून घेतलं. पुढच्या रविवारी पुन्हा आलीस. तिसऱ्या रविवारी काकूच म्हणाल्या, येऊ दे. आणि तेव्हापासून सात महिने तू दर रविवारी सकाळी काकूंना हात धरून बागेत नेतेस, तासभर बसतेस, घरी आणून सोडतेस. पहिल्याच दिवशी तू त्यांना म्हणालीस, 'काकू, माझा हात चुकला.' माझं खोटं तू त्यांच्या घरात नेऊन माझ्यासाठी सांभाळून ठेवलंस.

काकूंचा आवाज तोपर्यंत चढला नव्हता. आता चढला. म्हणाल्या, 'अहो, मी त्या पोरीला माफ केलं! बागेत बसून, तिच्या डोक्यावरून हात फिरवून, मोठ्या मनानं माफ केलं. म्हटलं, जाऊ दे बाळा, माणसाच्या हातून होतं. आणि ती मान खाली घालून हो म्हणाली. जिनं काही केलंच नाही तिला मी माफी दिली, आणि तिनं ती घेतली. माझं हे तुम्ही काय करून ठेवलंत?' मी म्हणाले, काकू, मी माफी मागायला आले नाही. तर म्हणाल्या, 'मिळणारही नाही. आज तरी नाही.' मग त्यांनी विचारलं, 'तिला सांगितलंत?' मी म्हणाले, नाही. 'तिच्या आईला?' नाही. 'मग आमच्याकडे आधी कशाला आलात? आम्ही परके म्हणून सोपं गेलं होय?' काका म्हणाले, 'डॉक्टर, तुम्ही आता निघा.' मी निघाले.

आज सकाळी, तू कामावर गेल्यावर, ताईकडे गेले. तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून सगळं सांगितलं, तुझे बाबाही होते. तुझे बाबा उठून गॅलरीत गेले आणि तिथेच उभे राहिले. ताई कणीक मळत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, 'मी माझ्या पोरीला सात महिने काय काय बोलले, तुला माहीत आहे का?' मी म्हणाले, माहीत आहे, तूच सांगायचीस. 'आणि तू ऐकून घ्यायचीस?' मी म्हणाले, हो. ताईनं मला लहानपणी चोरून आंबट चिंचा खाऊ घातल्यात, माझ्या परीक्षांना देव पाण्यात ठेवलेत, पण आज तिनं मला चहा विचारला नाही. मीच माझी चप्पल शोधली. तू आज कामावरून घरी गेलीस की ती कदाचित तुला जवळ घेईल, कदाचित नुसतीच रडेल. तिला जरा वेळ दे. तिची चूक एवढीच की तिनं बहिणीवर विश्वास ठेवला.

आता तुला वाटेल, हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, किंवा मी समोर येऊन तुझे पाय धरायला हवे होते. आले असते. पण समोर आले असते तर मी रडले असते, आणि मला रडताना बघून तू म्हणाली असतीस, जाऊ दे मावशी. फोनवर सांगितलं असतं तर ते तुझ्या-माझ्या कानांत राहिलं असतं, आणि पुन्हा तूच ते पोटात घातलं असतंस. म्हणून लिहून देतेय. हे पत्र तुझ्याकडे ठेव आणि हवं त्याला दाखव. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनला मदतीला डॉक्टर हवी आहे, त्यानं मागे एकदा तुझ्याबद्दल विचारलंही होतं, आणि मी विषय बदलला होता. त्याला दाखव. पशुवैद्यकांच्या परिषदेकडे तक्रार करावीशी वाटली तर तिथे दाखव, मी नाकारणार नाही. नाहीतर कुणालाच दाखवू नकोस, फक्त ज्या दिवशी तुला स्वतःच्या हाताबद्दल शंका येईल त्या दिवशी तूच उघडून वाच. मी, भुंगा या कुत्र्यावर उपचार करणारी डॉक्टर, पूर्ण शुद्धीत लिहून देते की त्या मंगळवारी दुपारी त्याच्या पोटातली गाठ माझ्या भाचीच्या हाताला लागली होती, ती कुठे आहे हे तिनं बरोबर सांगितलं होतं, आणि काय करायला हवं हेही बरोबर सांगितलं होतं. तिचा हात चुकला नव्हता. या पानाच्या मागे पूर्ण नावानं सही केली आहे, तारीख घातली आहे.

अजूनही तुझीच,
मावशी